मनकलम

“मान सैल सोडा, मॅडम. हां, अशी. आता सांगा, कोरडखेडच्या ड्रोनतळाबद्दल तुमचं मत काय?” डॉ. काकिर्डे यांनी विचारलं.

“दिवसाढवळ्या घातलेला दरोडा आहे तो,” खुर्चीत रेललेली चारुशीला दुधगावकर ताडकन म्हणाली. “गावाचा बाजारतळ गिळायचा आणि तिथे ड्रोन उतरवायचे. कुणी मागितले होते ड्रोन?”

समोरच्या भिंतीवरचा छोटा दिवा हिरवागार पेटला.

“छान. आणि बाजारतळाबद्दल?”

“शंभर वर्षांचा गुरांचा बाजार आहे. बेचाळीस कडुनिंब आहेत तिथे. त्या सावलीत बसून माझे आप्पा चाळीस वर्षं गुरांना औषधं पाजत आले. मी तिथेच लहानाची मोठी झाले, डॉक्टर.” दिवा आणखी हिरवा झाला.

डॉक्टरांनी टिपण केलं, तिला एक कडूजहर गुलाबी औषध पाजलं आणि डोक्यावर तारांचं टोपरं चढवलं. तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते. साडेबाराला टोपरं उतरवून त्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले.

“ड्रोनतळ? तो पाच वर्षांपूर्वीच व्हायला हवा होता,” चारुशीला म्हणाली. “आणि बाजारतळ कसला, उकिरडा आहे हो तो! चार म्हातारे बैल आणि चाळीस म्हातारी माणसं. त्यांच्या करमणुकीसाठी अख्ख्या तालुक्यानं मागे राहायचं?”

दिवा तितकाच हिरवा होता. डॉक्टरांनी समाधानाने मान हलवली. मनुष्यबळ विभागातली बाई लगेच आत आली, तिने चारुशीलाच्या गळ्यात ‘नगारा न्यूज, मुख्य निवेदिका’ असं ओळखपत्र अडकवलं आणि हातावर पेढा ठेवला. नव्या नोकरीचा पहिला दिवस असा रीतसर सुरू झाला.

हे सगळं का करावं लागत असे, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. पंधरा वर्षांपूर्वी अशी वेळ आली होती की, पडद्यावर दिसणाऱ्या कशावरच कुणाचा विश्वास उरला नव्हता. यंत्रं कुणाचाही चेहरा, कुणाचाही आवाज हुबेहूब घडवत. मेलेले पुढारी भाषणं ठोकू लागले आणि जिवंत पुढारी आपण ते बोललोच नाही म्हणून सांगू लागले. पाऊस पडतोय अशी बातमी लागली, तर लोक अंगणात जाऊन हात पसरून खात्री करत. बातम्या बघणंच बंद झालं तेव्हा सरकार आणि वाहिन्या दोघेही घाबरले.

त्याच सुमाराला मेंदूच्या अभ्यासकांना एक गोष्ट सापडली. माणूस जे बोलतो ते त्याला मनापासून खरं वाटत असेल, तर शब्द ओठांवर येण्याआधी निमिषभर त्याच्या मेंदूत एक विशिष्ट लहर उठते. तिला त्यांनी निश्चयलहर म्हटलं. तिचं सोंग आणता येत नाही, जसं मनात आणून शिंकता येत नाही. मग कायदा झाला. पडद्यावर बोलणाऱ्या प्रत्येकाच्या कानामागे वाटाण्याएवढी चकती लागली आणि पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या नावापुढे साक्षदिवा. मनापासून बोलला तर हिरवा, डळमळीत असला तर पिवळा, मनात एक आणि ओठांवर दुसरं असलं की लाल. बोललेलं खरं आहे की नाही, हे दिवा सांगत नाही. बोलणाऱ्याला ते खरं वाटतं एवढंच सांगतो. कायद्यात हे वाक्य होतं, पण बारीक अक्षरांत.

पहिल्या आठवड्यात बातम्यांच्या पडद्यांवर लालभडक जत्रा भरली. एका ज्येष्ठ निवेदकाचा दिवा तर ‘नमस्कार, आपलं स्वागत आहे’ एवढ्यावरच लाल झाला. आता दोनच वाटा होत्या. वाहिन्यांनी आपली धोरणं बदलायची किंवा निवेदकांनी आपली मनं. धोरणं मालकांची होती, त्यामुळे मनं बदलायचं ठरलं.

त्या उपायाला मनकलम म्हणत. रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधतात. मुळं तीच राहतात, फळ दुसरं लागतं. चारुशीला पहिल्यांदा त्या खुर्चीत बसली तेव्हा घाबरली होती. “माझ्या आठवणी पुसणार का हो?” असं तिने विचारलं होतं.

“छे छे!” डॉ. काकिर्डे हसले होते. “आठवण म्हणजे दगडावरची अक्षरं नव्हेत, गुळाची ढेप असते ती. आपण आठवण काढली की ती ऊन लागल्यासारखी मऊ होते आणि काही तासांनी पुन्हा घट्ट बसते. हे तुमच्याआमच्या डोक्यात रोज होतं. आमचं औषध तिला जरा जास्त वेळ मऊ ठेवतं. तेवढ्यात चुंबकाच्या हलक्या ठोक्यांनी आम्ही तिला दुसऱ्या साच्यात बसवतो. गूळ तोच, वजन तेवढंच, फक्त आकार निराळा. तुम्हाला सगळं आठवेल. आठवल्यावर जे वाटतं, ते तेवढं बदलेल.”

“आणि आधी वेगळं वाटत होतं, हे?”

“तेही आठवेल की! लहानपणी भुताची भीती वाटायची हे आठवतं ना? तसं. जरा हसू येईल.”

आणि खरोखरच हसू येई. नऊ वर्षांत चारुशीलाने पाच वाहिन्या बदलल्या होत्या. कोरडखेडसारख्या आडगावातून आलेली ही मुलगी आधी बाजारभाव वाचायची. पहिल्या उडीत ती वार्ताहर झाली, दुसऱ्या उडीत तिला स्वतःची गाडी मिळाली, तिसऱ्या उडीत सकाळचं बातमीपत्र, चौथीत दवंडी टीव्हीवरचा चर्चेचा कार्यक्रम, आणि आता पाचवीत नगारा न्यूजची संध्याकाळी सातची गादी. या धंद्यात एका जागी टिकणाऱ्याला लोक मंद समजत. तिचा एक सहकारी हृषीकेश नाडगौडा याने तर वर्षात तीन उड्या मारल्या होत्या. शेवटी एका खोडसाळ वाहिनीने त्याच्या जुन्या चित्रफिती समोरासमोर लावून चर्चा घडवली. पाहुणेही तोच, सूत्रसंचालकही तोच. तिघांचेही दिवे हिरवे, आणि एकमेकांवर जाम भडकलेले.

मनकलमाची यादी वाहिनीच्या मालकाच्या मर्जीवर असे. नगाऱ्याच्या यादीत त्रेचाळीस मुद्दे होते. त्यांतला एकोणचाळिसावा ‘मांजर हा कृतघ्न प्राणी आहे’ असा होता. मालकांना कधीतरी बोचकारलं असावं. त्या संध्याकाळी चारुशीला घरी आली, सहा वर्षं लाडाने वाढवलेल्या शबरीकडे तिने तिरस्काराने पाहिलं आणि तिला शेजारच्या कर्णिकबाईंकडे देऊन टाकलं.

मग आईचा फोन आला. “आता कुठं आहेस गं?”

“नगाऱ्यावर, आई. मुख्य निवेदिका!”

“म्हणजे ड्रोनवाले ना? मग आप्पांपुढे बाजाराचं नाव काढू नको बाई. जेवलीस का?”

आईची काळजी बरोबर होती. चारुशीलाचे वडील बाबाराव, म्हणजे आप्पा, गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. ‘बाजारतळ वाचवा’ या आंदोलनाचे ते पुढारी होते. त्यांचा पन्नास वर्षांचा दोस्त गफूरभाई हा गुरांचा दलाल. तो आणि आप्पा दोघे एकाच बाजेवर बसून पाळीपाळीने उपोषण करत. ही गोष्ट राज्यभर पोचवली होती ती चारुशीलानेच, दवंडीवर असताना. कोरडखेडचे कडुनिंब लोकांना त्यांच्या दारातल्या झाडांइतके ओळखीचे झाले ते तिच्या हिरव्या दिव्यामुळे. नगाऱ्याचे संपादक बिपिन लाड यांनी तिला उचललं तेही त्याचसाठी.

पंधरा दिवसांनी लाड म्हणाले, “चारुशीलाजी, शुक्रवारी सातला आप्पा विरुद्ध तुम्ही. बापलेक आमनेसामने! येतील ना ते?”

“न यायला काय झालं?” ती म्हणाली. मनात जराही किंतु नव्हता. उलट आप्पांचा गैरसमज एकदाचा दूर होईल म्हणून तिला बरंच वाटलं.

आप्पा आले. म्हणजे बाजारतळावर कॅमेऱ्यापुढे बसले, धोतर, इस्त्रीचा सदरा आणि कानामागे चकती. लेकीच्या वाहिनीवर जायचं म्हणून त्यांनी दाढीही करून घेतली होती. मागे गफूरभाई आणि शेपन्नास माणसं घोषणा देत उभी.

“आप्पा, गेल्या बाजाराला किती बैल आले होते?” चारुशीलाने सुरुवात केली.

“अकरा.”

“विकले किती?”

“तीन.” आप्पा कधी खोटं बोलत नसत. “त्यातला एक परत आला. मारका होता.”

“आणि माणसं?”

“चाळीसेक असतील. बाकीची चहाला येतात गं. पण चहालाही माणसानं कुठंतरी यावं लागतं ना, माय?”

स्टुडिओत हशा पिकला. चारुशीला हसली नाही. तिचा आवाज एकदम खाली आला. “कोंडिबामामा आठवतात, आप्पा?”

आप्पांनी होकारार्थी मान हलवली.

“मी दहा वर्षांची होते. त्यांना साप चावला. तुम्ही त्यांना जीपमध्ये घातलं, मी मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. लस जिल्ह्याला होती, आणि जिल्हा दोन तासांवर. मामा वाटेतच गेले. तुम्ही जीप थांबवून रस्त्याच्या कडेला बसून रडलात. तिथे आज ड्रोन असता तर लस वीस मिनिटांत गावात आली असती. मग सांगा, बेचाळीस कडुनिंब मोठे की एक कोंडिबामामा?”

गंमत अशी की, हीच आठवण तिने दवंडीवरही सांगितली होती. तेव्हा ती म्हणाली होती, गावच्या दवाखान्यात साधी लस न ठेवणाऱ्या सरकारला ड्रोनची चैन कशाला हवी? गूळ तोच होता, साचा बदलला होता. पण तिला त्या क्षणी ते जाणवलं नाही. तिच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं.

“पण कडुनिंब...” आप्पा म्हणू लागले, आणि पडद्यावर त्यांच्या नावापुढचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला. त्यांनी बैलांच्या रिकाम्या दावणीकडे पाहिलं. मग म्हणाले, “बरोबर बोलते पोरगी. मी हा विचारच केला नव्हता. मला पटलं.”

दिवा हिरवा. मागच्या घोषणा एकदम थांबल्या. फक्त गफूरभाईंचा आवाज आला, “आप्पा, येडा झाला का रे?”

त्या कार्यक्रमाने प्रेक्षकसंख्येचे सगळे उच्चांक मोडले. लाडसाहेबांनी केक कापला. तिकडे कोरडखेडात आप्पा घरोघर गेले. “माझी पोर खोटं बोलत नाही, साऱ्यांनी दिवा बघितला,” असं सांगून त्यांनी एकेकाची सही मिळवली. दीड महिन्यात अकरा कडुनिंब आडवे झाले.

आणि दवंडी टीव्हीवरून फोन आला. नगाऱ्याच्या त्या यशाने दवंडीच्या संचालिका मोहोळकरबाई कासावीस झाल्या होत्या. त्यांनी चारुशीलाला थेट कार्यकारी संपादकपद देऊ केलं, काचेच्या केबिनसह. सहावी उडी. चारुशीलाने विचार करायला म्हणून एक रात्र मागून घेतली, पण झोप छान लागली.

दवंडीच्या इमारतीत टोपरं घेऊन बसले होते ते डॉ. काकिर्डेच. सोमवार-बुधवार-शुक्रवार नगारा, उरलेले वार दवंडी.

“तुम्हाला स्वतःला काय वाटतं हो, डॉक्टर, ड्रोनतळाबद्दल?” औषध पिताना तिने सहज विचारलं.

“मी मुंबईचा, मॅडम. मला कोरडखेड कुठे आहे तेच ठाऊक नाही. डोळे मिटा.”

दोन तासांनी तिने डोळे उघडले आणि पहिला शब्द तोंडातून निघाला तो, “अकरा!”

“काय अकरा?”

“अकरा कडुनिंब पाडले, डॉक्टर! मी पाडले! आप्पांना मी...” तिला रडू फुटलं. दिवा लखलखीत हिरवा होता.

“उत्तम बसलंय कलम,” डॉक्टर म्हणाले आणि रुमाल पुढे केला. “रडू येतंच पहिल्या दिवशी. दुपारच्या बैठकीपर्यंत ठीक व्हाल.”

ती बैठकीला गेलीच नाही. घरी जाऊन तिने कर्णिकबाईंचं दार वाजवलं आणि शबरीला परत मागितलं. शबरीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती कर्णिकबाईंच्या पायामागे जाऊन बसली. मग चारुशीलाने गाडी काढली आणि ती थेट कोरडखेडला निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारतळावर पोचली तेव्हा आप्पा डोक्यावर पिवळं शिरस्त्राण घालून पाडायच्या झाडांवर चुन्याने आकडे टाकत होते. “ये माय,” ते हसून म्हणाले. “बघ, इथं लसीचं शीतगृह होणार. मी त्याला कोंडिबाचं नाव द्या म्हटलंय.”

“आप्पा, थांबवा हे. मी चुकले होते.”

आप्पांनी चुन्याचा ब्रश खाली ठेवला. “म्हणजे वाहिनी बदललीस?”

“बदलली. पण ते महत्त्वाचं नाही. मला आता खरंच वाटतं की...”

“तेव्हाही तुला खरंच वाटत होतं.”

“हो. पण आता जास्त... म्हणजे आता नीट...”

आप्पा कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून खाली बसले. “हे बघ चारू, तुझं कलम का काय असतं ते मला आईनं सांगितलंय. चुंबक लावतात म्हणे. तुझं दोन तासांत होतं. माझ्या डोक्याला कुणी चुंबक लावला नव्हता. तू बोललीस ते माझ्या काळजात उतरलं. आठ दिवस झोप नव्हती मला. कोंडिबाच्या बायकोच्या घरी गेलो, तिच्या पाया पडलो, इतकी वर्षं ही गोष्ट मला सुचली नाही म्हणून. गफूर माझ्याशी बोलत नाही. पन्नास वर्षांत एक दिवस असा गेला नव्हता, आता माझी सावली दिसली तरी रस्ता बदलतो. एवढं सगळं देऊन मी हे मत घेतलंय. आणि तू म्हणतेस, परत कर?”

“पण आप्पा, ते माझं नव्हतंच!”

“तुझं नसेल. माझं झालं ना ते.”

वरून लिंबोळ्या टपटपत होत्या. आप्पा उठले आणि म्हणाले, “चल घरी. आईनं धपाटे केलेत. त्यात कुणाचं मत लागत नाही.”

परत आल्यावर चारुशीलाने डॉ. काकिर्डेंना गाठलं. “डॉक्टर, आप्पांचं कलम करता येईल का? परत पहिल्यासारखं?”

“करता येईल, पण त्यांची संमती लागेल. आणि तुमच्या कार्यक्रमामुळे ज्यांना ज्यांना पटलं त्या सगळ्यांचंच करायचं म्हटलं तर...” डॉक्टरांनी मनातल्या मनात हिशेब केला. “खुर्च्या कमी पडतील, मॅडम. तुमची मूळ फाईल माझ्या कपाटात आहे. प्रेक्षकांची कुणी ठेवतच नाही.”

दवंडीवर मात्र उत्साह दुणावला होता. आंदोलन पुन्हा पेटवायचं ठरलं. पुढारी म्हणून गफूरभाई तयार होते. ड्रोनतळाच्या बाजूने बोलायला माणूस हवा होता, आणि अख्ख्या राज्यात त्या बाजूने आप्पांइतका हिरवा दिवा कुणाचाच नव्हता. मोहोळकरबाईंनी टाळ्या वाजवल्या. “शुक्रवारी सात वाजता. बापलेक आमनेसामने, पण उलटे!”

चारुशीलाने नाही म्हणून पाहिलं. कार्यकारी संपादकाला नाही म्हणायचा अधिकार असतो असा तिचा समज होता. बाईंनी तो गोड शब्दांत दूर केला.

शुक्रवारी आप्पा या खेपेस मुंबईला स्टुडिओतच आले. आईने बरोबर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला होता, तो त्यांनी चर्चेच्या टेबलावरच ठेवला. दिवे लागले, संगीत वाजलं. चारुशीलाने कोंडिबामामांची गोष्ट पुन्हा काढली. गावच्या दवाखान्यात लस का नव्हती, हा सवाल तिने टाकला. दिवा हिरवा. आप्पांनी शांतपणे, मागच्या खेपेला तिनेच सांगितलेली उत्तरं दिली. दिवा हिरवा. प्रेक्षकांत कुणीतरी शिट्टी मारली.

मग आप्पा पुढे वाकले. “चारू, तिकडं होतीस तेव्हा हिरवी, इकडं आलीस तरी हिरवी. दोन्ही वाहिन्यांचं राहू दे बाजूला. तू कोंडिबाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस. तुला काय वाटतं?”

हा प्रश्न कागदावर नव्हता. चारुशीलाने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. जीप, धूळ, मामांचं जड होत गेलेलं डोकं, सगळं लख्ख आठवत होतं. त्या आठवणीपाशी ती एका बाजूने गेली की ड्रोनतळ दिसे आणि दुसऱ्या बाजूने गेली की कडुनिंब. मधोमध उभं राहून पाहावं म्हटलं, तर तिथे एक दहा वर्षांची मुलगी होती आणि तिला कशाबद्दलच मत नव्हतं, फक्त रडू येत होतं.

कानातल्या यंत्रात बाई ओरडत होत्या, “बोल! काहीतरी बोल!” दिवा विझलेला होता, कारण बोलणं असल्याशिवाय तो लागतच नसे. तंत्रज्ञाला वाटलं चकतीच बिघडली. तो दुसरी घेऊन धावला. अकरा सेकंद गेले. बातम्यांच्या जगात अकरा सेकंद म्हणजे एक युग.

“मला माहीत नाही, आप्पा,” चारुशीला म्हणाली.

आणि दिवा लागला. तसा हिरवा तिने नऊ वर्षांत कधी पाहिला नव्हता, पावसाळ्यानंतरच्या माळासारखा गर्द. आप्पांनी टेबलावरून हात पुढे केला आणि तिच्या हातावर ठेवला.

कार्यक्रम संपताच मोहोळकरबाईंनी तिला काढून टाकल्याचं पत्र दिलं. ‘माहीत नाही’ हे धोरण यादीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेक्षकांचे आकडे आले आणि बाईंनी पत्र मागे घेतलं. दुपारी नगाऱ्याचे लाड फुलांचा गुच्छ घेऊन दारात उभे राहिले. लोक म्हणे ती अकरा सेकंदांची चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहत होते, आणि बायामाणसं पडद्यापुढे रडत होती.

मग डॉ. काकिर्डेंचा फोन आला. “अभिनंदन, मॅडम! काय सुंदर डोळा मिळालाय!”

“कसला डोळा?”

“कलमाचा हो. गुलाबावर कसा दुसऱ्या गुलाबाचा डोळा भरतात? तुमच्या त्या ‘माहीत नाही’ची लहर इतकी स्वच्छ नोंदली गेलीय की विचारू नका. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या निवेदकाची कलम न केलेली निश्चयलहर हाती लागली. सगळ्या वाहिन्यांनी मागणी नोंदवलीय. आपापल्या निवेदकांत शांततेसकट भरायची म्हणतात.”

“मी देणार नाही,” चारुशीला म्हणाली. “ती माझी आहे. तेवढीच माझी आहे.”

डॉक्टर जरा ओशाळले. “तुमच्या करारातलं सतरावं कलम वाचा, मॅडम. प्रक्षेपणात उठलेली प्रत्येक लहर वाहिनीच्या मालकीची.”

तिने त्याच दिवशी राजीनामा दिला आणि ती कोरडखेडला निघून आली. तिथे मात्र एक चांगली गोष्ट घडली होती. तो कार्यक्रम पाहून गफूरभाई आपणहून आप्पांच्या अंगणात आले होते. “अरे, पडद्यावरच्या बाईला माहीत नाही,” ते म्हणाले, “मग आपण दोघं कोण लागून गेलो रे?” दोघांनी मिळून ग्रामसभा बोलावली. दवाखान्यात आधी लस ठेवा, ड्रोनतळासाठी खडीच्या खाणीची पडीक जागा चालते का तपासा, आणि तोवर उरलेल्या एकतीस झाडांना हात लावू नका, असं ठरलं. भांडणं खूप झाली, पण समोरासमोर झाली. चारुशीला कोपऱ्यात बसून नुसती ऐकत होती. कुणी विचारलं तर ‘विचार करतेय’ म्हणत होती, आणि खरंच करत होती. त्याला फार वेळ लागतो, याचं तिला नवल वाटत होतं.

महिनाभराने एका संध्याकाळी सात वाजता आप्पा, गफूरभाई आणि ती ओसरीवर बातम्या बघत बसली होती. नगाऱ्यावर कुणी नवा तरुण निवेदक होता. समोरच्या पाहुण्याने त्याला विचारलं, “पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

निवेदकाने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्याची नजर खाली गेली. दिवा विझला.

चारुशीलाच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. ती मनात मोजू लागली. नऊ, दहा, अकरा.

“मला माहीत नाही,” तो तरुण म्हणाला. त्याचा आवाज अगदी हवा तेवढाच कापला. दिवा हिरवा झाला, पावसाळ्यानंतरच्या माळासारखा गर्द.

आप्पांनी उपरण्याने डोळे टिपले. “बघ गं माय, तुझ्यासारखंच एक खरं माणूस निघालं.”

“आप्पा, तो...” तिने कप खाली ठेवला. “ते खरं नसेल. ते कलम असेल.”

“काहीतरीच बोलू नको,” आप्पा हसले. “मतं विकत मिळतात, ते आता कळलं आम्हाला. पण ‘माहीत नाही’ कोण कशाला विकत घेईल?”

गफूरभाईंनी मान डोलावली आणि आवाज मोठा केला.